चुंबळीतले तीन दाणे

१

गुरुवारी सकाळी पवनारात बातमी फुटली, पुंडलिकराव गेले.

आता सत्तरी पार केलेला माणूस, गेला म्हटलं तर लोक हळहळले असते अन् कामाला लागले असते. पण दवाखान्यातून सोबतच दुसरी बातमी आली. बुढ्याच्या उलटीत हरभरा निघाला, अन् त्या हरभऱ्याला औषधाचा वास होता. फवारणीचं म्हणा, बियाण्याचं म्हणा, पण विषारी. डॉक्टर म्हणाला, हे खाण्यातूनच गेलं.

झालं! सगळं गाव भांडाराच्या दारात.

भांडार म्हणजे 'आपलं भांडार'. बेचाळीस घरांचं. ज्याच्या वावरात जे पिकलं ते त्यानं तिथं आणायचं, ज्याला जे लागलं ते त्यानं तिथून न्यायचं, मधात व्यापारी नाही. अकरा वर्षांपूर्वी पुंडलिकरावांनीच ते काढलं, स्वतःच्या गोठ्यात, एका तराजूवर. शेवटपर्यंत तराजूपाशी तेच बसायचे. फक्त दिवाळीच्या आधीपासून म्हणायचे, "आचल, काटा कुठं आहे सांग वं पोरी, मले धुकं दिसते."

ही आचल म्हणजे आपली बीएस्सी झालेली, पुंडलिकरावांना आबाजी म्हणणारी आचल. त्या महिन्याची पाळी तिची होती. किल्ली तिच्याकडे, जबाबदारी तिच्याकडे. ती दारात उभी, अन् समोरून पुंडलिकरावांचा मुलगा किशोर आला. डोळे सुजलेले, आवाज फाटलेला.

"मंगळवारी आम्ही इथूनच दोन किलो हरभरा नेला! चतुराबाईच्या पोत्यातला! काल बाबानं तोच खाल्ला!"

गर्दी वळली. चतुराबाई भिंतीला टेकून उभी होती. पासष्ट वर्षांची, एकटी बाई, दीड एकर वावर. सोमवारी तिनंच हरभऱ्याचं नवं पोतं आणलं होतं. अन् सगळ्यांसमोर पुंडलिकरावांनी तिला टोकलं होतं, "चतुरे, ओलसर लागते वं." तीही गरजली होती, "तुमच्या हाताले घाम असन!"

तेवढं भांडण पुरलं. पोलीस ठाण्याच्या जमादारानं पोतं उचललं अन् चतुराबाईला गाडीत बसवलं.

 जाताना तिनं आचलकडे पाहिलं अन् मान हलवली. 'नाही' अशी.

पण नाही म्हणजे काय नाही?

२

आचलनं आधी एक काम केलं. मंगळवारी तोलताना चतुराबाईच्या पोत्यातले दाणे फरशीवर सांडले होते, ते तिनं डब्यात भरून ठेवले होते. त्यातले मूठभर तिनं काचेच्या वाटीत भिजवले. तासाभरानं पाहिलं, पाणी जरासं पिवळं. वास हरभऱ्याचाच. अन् त्या पोत्यातला माल नऊ घरांनी नेला होता. नऊच्या नऊ घरं ठणठणीत!

मग एकटे पुंडलिकरावच काऊन?

ती विचार करत मागं वळली अन् थबकली.

कोपऱ्यातलं मडकं उलटं घातलेलं होतं. धुतलेलं. तळाशी अजून ओल होती.

हे मडकं काय आहे ते सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. भांडारात कोणतंही पोतं संपत आलं की बुडाची शेवटची पायली विकत नाहीत. तूर असो, गहू असो, त्याच्या बदल्यात तेवढा हरभरा त्या मडक्यात जातो. ज्याच्या घरी चूल थंड असेल त्यानं यायचं, मडक्यातून न्यायचं. विचारायचं नाही, सांगायचं नाही. अन् पाळीवर जो बसला असेल, त्यानं कोणी मडक्याच्या दिशेनं वळलं की पाठ फिरवायची. बस्स. दाराबाहेरच्या माणसाला वाटतं, हा भाजीच घ्यायला आला. कोण नेतं, हे अकरा वर्षांत कोणाला कळलं नाही. दरवर्षी गुढीपाडव्याला मडकं धुवायचं, एरवी त्याला पाणी लावायचं नाही, हाही पुंडलिकरावांचाच नेम.

अन् आत्ता कुठं कार्तिक चालू होता. आदल्या दिवशी गावात तुळशीची लग्नं लागली होती.

मडकं कोणी धुतलं? बुधवारी संध्याकाळी आचलनंच कुलूप लावलं तेव्हा ते सुलटं होतं, झाकण होतं. गुरुवारी पुंडलिकरावांची बातमी ऐकून तिनं कुलूप काढलं तेव्हा... तेव्हा तिनं पाहिलंच नव्हतं.

किल्ल्या दोनच. एक तिच्या पर्समध्ये. दुसरी पुंडलिकरावांच्या करदोड्याला.

अन् पुंडलिकरावांना तर पहाटे पाचलाच दवाखान्यात नेलं होतं!

३

समोर निकेशचं किराणा दुकान. भांडार निघाल्यापासून त्याचं अर्धं गिऱ्हाईक गेलं होतं, अन् तो ते लपवायचाही नाही. गावात अर्धे लोक कुजबुजत होते, निकेशनंच केलं असेल.

"या या, इन्स्पेक्टर बाई!" तो गल्ल्यावरूनच म्हणाला. "मले पकडाले आली का?"

"निकेशभाऊ, मजाक नको करू. माणूस मेला आहे."

"मले समजते." तो एकदम उतरला. "बुढा रोज सकाळी इथं बाकावर बसे माह्या. भांडार काढून माह्या पोटावर पाय देल्ला, अन् चहा माह्याच इथं पे. म्हणे, निक्या, तुह्याशी दुश्मनी नाई, तुह्या मालाच्या भावाशी आहे."

"तू सकाळी किती वाजता उघडतं?"

"सहाले. दुधाच्या थैल्या येतात."

"आज कोणी भांडारात गेलतं?"

निकेशनं आधी रस्त्यावर नजर टाकली. सुपारीचा अडकित्ता हातात तसाच.

"मी सांगीन तर लोक म्हणतीन, हा जळकुटा आहे. खोटं बोलून राह्यला."

"मी नाई म्हणणार."

"किशोर." तो हळूच म्हणाला. "सव्वासहाले. मी आवाज देल्ला, काबे, बाबा कसे आहेत? तो म्हणे, बाबाचे कागदं पाह्यजेत दवाखान्याले. अन् बाहेर आला तर हाताले पाणी निथळून राह्यलं होतं, कागद तर एकही नाई."

 बाप दवाखान्यात, अन् मुलगा इकडं मडकं धूत होता?

बापाला मुलगा विष घालेल? पण का? वावर तर आधीच त्याच्या नावावर होतं. अन् सकाळी तो रडत होता ते खोटं नव्हतं. आचलनं खोटं रडणं पाहिलं होतं. हे तसं नव्हतं.

"आणखी एक," निकेश म्हणाला. "बुढा कितीक दिवसांपासून चहासंगं टोस्ट मागे. चार-चार. मी म्हटलं, घरी जेवत नाई का जी? तर म्हणे, सून लय चांगलं रांधते. अन् पाचवा टोस्ट उचलला."

४

तीन वाजता दवाखान्यातून गाडी आली.

बाया रडत होत्या. आचल गर्दीतून पुढं झाली, पाया पडायला वाकली, अन् तिचं लक्ष हातांकडे गेलं. उजव्या हाताची बोटं. पेरांपर्यंत गुलाबी.

"तुळशीच्या लग्नाचं कुंकू आहे वं," शेजारची बाई म्हणाली.

किशोरची बायको पिंकी डोळे पुसत सासऱ्याबद्दल पटकन बोलून गेली, "मामाजी तर काल लग्नाले बाहेर आलेच नाई. अंगात कसंतरी होते म्हणे."

मग कुंकू कुठलं?

आचलनं तिला पाणी द्यायचं निमित्त केलं अन् मागच्या अंगणात नेलं.

"वहिनी, काल आबाजी तुमच्यासंगंच जेवले का? पोत्यातला हरभरा?"

पिंकीनं मान खाली घातली. "यायनं सांगितलं, असंच सांगजो म्हणून."

"अन् खरं काय?"

"दसऱ्यापासून मामाजी वेगळे शिजवत होते. मागच्या खोलीत. डोळ्याचं ऑपरेशन हे पुढं ढकलत राह्यले, आधी सोयाबीन होऊ द्या, मग म्हणे हरभरा पेरू द्या. मामाजी एक दिवस बोलले, मले आंधळा करून मारतं का? त्यावर हे म्हणे, फुकटचं खाता अन् वरून बोलता. बस्स. त्या दिवशीपासून त्यायनं आमच्या ताटाले हात नाई लावला. मी लपून भाकर नेली तर वापस." ती ओठ दाबून रडायला लागली. "कुठून आणत, काय खात, मी विचारलंच नाई. मले वाटलं भांडारातून आणत असतीन."

"यंदा हरभरा पेरला तुम्ही. बियाणं उरलं का?"

"एक पिशवी. माळ्यावर होती. आज नाई दिसली."

आचल मागच्या खोलीच्या दारात गेली. एक चूल, शिजवायची एक गंज, एक खाट. वर छोटीशी खिडकी. अन् वास. निलगिरीच्या तेलाचा. बुढा गुडघ्याला चोळायचा तो.

ती उंबऱ्यावरच थांबली. कारण हा वास तिनं मंगळवारी घेतला होता. दुपारी, भांडारात, पाठ फिरवून बसली होती तेव्हा. मागं मडक्याचं झाकण सरकलं, दाणे खळखळले, अन् निलगिरीचा वास आला. त्याच्या आधीच्या मंगळवारी पण. त्याच्याही आधीच्या.

तिला माहीत होतं. महिनाभरापासून तिला माहीत होतं, अन् तिनं स्वतःलाच ते माहीत होऊ दिलं नव्हतं.

ज्या माणसानं मडकं ठेवलं, तोच मडक्यातून खात होता.

५

ठाण्याच्या व्हरांड्यात चतुराबाई जमिनीवर बसली होती. पुढ्यातला चहा थंडगार.

"आजी, तुमच्या पोत्यात काही नाई. विष मडक्यात होतं. मी जमादारसाहेबाले सांगतो, अन्..."

"खबरदार!" चतुराबाईनं तिचं मनगट धरलं. "मडक्याचं नाव घेऊ नको."

"अहो, पण तुम्हाले जेल होईन!"

"ऐक. माहा मालक गेला तेव्हा चार महिने म्या त्याच मडक्यातून खाल्लं. पाळीवर हेच बसे, पुंडलिकभाऊ. चार महिने पाठ फिरवून बसले. नंतर दहा वर्षं माह्याशी भांडले, चतुरे, वजन कमी आहे, चतुरे, ओलं आहे. पण एका शब्दानं नाई, की तू खाल्लं होतं. म्हणून मी गावात मान वर करून चालतो." तिनं मनगट अजून घट्ट धरलं. "आता तू बोलशीन, मडक्यात विष होतं, तर उद्या सारं गाव इचारन, मंग पुंडलिकरावानं ते काऊन खाल्लं? मेलेल्या माणसाची लाज काढतं का?"

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

"भुकेचा माणूस मले चालीवरून समजते."

आचल विचार करतच परतली. बोलावं तर आबाजींची अब्रू जाते. गप्प बसावं तर ही म्हातारी जाते. अन् उद्या दुपारी सभा! किशोर म्हणत होता, भांडाराला कायमचं कुलूप लावा. मग त्या मडक्यावर जगणारे आणखी कोण कोण असतील, त्यांचं काय?

अन् एक गोष्ट तिला अजून उलगडत नव्हती. किशोरला जर माहीत नव्हतं बाप मडक्यातून खातो, तर त्यानं विष कोणासाठी घातलं?

भांडारात येऊन ती मडक्यासमोर उकिडवी बसली. मडकं स्वच्छ. झाकण स्वच्छ. मडकं लवंडू नये म्हणून खाली जुन्या लुगड्याची चुंबळ. तिनं ती उचलली. हलकी, कोरडी. धुणाऱ्यानं मडकं धुतलं, चुंबळीकडे त्याचं लक्षच गेलं नाही.

तिनं चुंबळीचे वेढे उकलले.

टप्, टप्, टप्. फरशीवर तीन दाणे पडले. हरभऱ्याचे. गुलाबी.

अन् त्याच क्षणी तिला बुधवार आठवला. बुधवारी किशोर दोनदा भांडारात आला होता. घेतलं काहीच नाही, नुसतं विचारलं...

६

शुक्रवारी दुपारी सभा भरली. पोतं घेऊन जमादार आला होता, चतुराबाई त्याच्या बाजूला. सगळ्यांत जुने सभासद भैय्याजी, ते मधात बसले.

किशोर उभा राहिला. "मले भांडण नाई करायचं. माहा बाप गेला. चतुराबाईले भांडारातून काढा, अन् भांडाराले कुलूप लावा."

"त्याच्याआधी मले एक दाखवू द्या," आचल म्हणाली. 

तिनं तीन काचेच्या वाट्या मांडल्या. पहिलीत चतुराबाईच्या पोत्यातले दाणे, जमादारासमोर काढलेले. दुसरीत किशोरच्या घरच्या डब्यातले, ते पिंकीनं स्वतः आणून दिले. तिसरीत चुंबळीतले तीन. तिन्हींत पाणी ओतलं.

"आबाजींच्या घरी सात माणसं हाच डब्यातला हरभरा खाऊन राह्यली. कोणाले काही झालं नाई. नऊ घरांनी आजीच्या पोत्यातला नेला. कोणाले काही नाई."

लोक वाट्यांकडे पाहत होते. पहिलीत पाणी स्वच्छ. दुसरीत पाणी स्वच्छ. तिसरीत तीन धागे सुटले, गुलाबी, अन् हळूहळू पाण्यात पसरले.

"हे तर बियाणं आहे!" मागून कोणीतरी ओरडलं. गावात कोणाला सांगावं लागत नाही. पेरणीच्या बियाण्याला औषध लावतात, अन् कोणी खाऊ नये म्हणून रंग लावतात.

"हे कुठं सापडलं?" भैय्याजींनी विचारलं.

आचलनं चतुराबाईकडे पाहिलं. म्हातारी डोळे मिटून बसली होती.

"भांडारात," आचल म्हणाली. "कुठं ते मी नाई सांगत. कोणी काय खाल्लं तेही नाई सांगत. मी पाळीवर होतो, मी काही पाह्यलं नाई." मग ती वळली. "किशोरभाऊ, एकच सांगा. बुधवारी तुम्ही दोनदा आले. दोन्ही वेळा मले विचारलं, कोणी तक्रार घेऊन आलं का? तवापर्यंत कोणी बिमार नव्हतं. कोणी मेलं नव्हतं. तुम्ही कोणत्या तक्रारीची वाट पाहून राह्यले होते?"

आचलनं तिसरी वाटी त्याच्यापुढं सरकवली.

"मागच्या सभेत तुम्ही म्हटलं होतं, मडक्यातून कोण नेते ते लिहून ठेवा. आबाजी उठले अन् म्हणाले, ज्या दिवशी कोणी पाहीन, त्या दिवशी मडकं फोडा. आठवते?"

 किशोर एकदम खाली बसला, पोतं पडावं तसा.

"पाणी लाल होते ना," तो म्हणाला. सगळ्यांना सांगत होता की स्वतःला, कळत नव्हतं. "भिजू घातलं की पाणी लाल होते. कोणीही फेकून देईन. फेकून देईन अन् बोंबलत येईन, मडक्यातला माल खराब आहे म्हणून. मंगळवारी सकाळी हरभरा न्याले आलो, तवा मडक्यात टाकलं. म्या म्हटलं, जो बोंबलत येईन तोच खाणारा. एवढंच. मारायचं नव्हतं जी कोणाले. कोण खाईन लाल पाण्याचा हरभरा? ज्याले डोळे आहेत तो..."

अन् तो तिथंच थांबला.

कारण ते त्याला तेव्हा कळलं, अन् तेव्हाच सगळ्या गावाला कळलं. लाल पाणी ज्याला दिसलं नाही, तो गावात एकच माणूस होता. ज्याचं ऑपरेशन सोयाबीननंतर होणार होतं, मग हरभऱ्यानंतर. अन् समजा दिसलंही असतं, तरी तो बोंबलत आला नसता. तोंड उघडलं असतं तर मडक्यातून खातो हे सांगावं लागलं असतं.

"पहाटे त्यायची गंज पाह्यली म्या," किशोर म्हणाला. "खाली लाल पाणी. तवा समजलं. मंग त्यायच्या करदोड्याची किल्ली घेऊन पळत आलो, मडकं धुतलं. दुसरं कोणी मरू नये म्हणून धुतलं, भैय्याजी, खरं सांगतो."

"अन् नाव माहं घेतलं," चतुराबाई म्हणाली.

त्यानं वर पाहिलं नाही. "मले फक्त पाह्याचं होतं, आजी. कोण खाते ते."

चतुराबाई त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. सगळ्यांना वाटलं आता कानाखाली मारते. तिनं मारलं नाही.

"पाह्यलं ना आता?"

जमादार त्याला घेऊन गेला. पिंकी दारात उभी होती, ती बाजूला सरकली. 

मग भैय्याजी उठले. गुडघ्यावर हात टेकत कोपऱ्यात गेले, मडकं उचललं, पायरीवर आणलं. "पुंडलिकाचा शब्द आहे," म्हणाले, अन् सोडून दिलं. खापऱ्या थेट निकेशच्या दुकानापर्यंत उडाल्या. निकेशनं बाहेर येऊन त्या एकेक वेचल्या अन् आपल्या बाकाखाली ठेवल्या, का ते त्यालाच माहीत.

बेचाळीसपैकी अकरा घरांनी त्या आठवड्यात नाव काढून घेतलं. म्हणाले, भीती वाटते. त्यांचं चूक नव्हतं. आचल रोज किल्ली लावायची, तराजूपाशी बसायची, काटा आता कोणाला वाचून दाखवायचा नसायचा. कोपऱ्यात चुंबळ तशीच होती, रिकामी. ती उचलावी असं कोणाला वाटलं नाही.

मंगळवारी दुपारी ती तूर निवडत बसली होती. दारात पावलं वाजली, अन् भाजीकडे न जाता सरळ कोपऱ्याकडे वळली. आचलचे हात थांबले.  आता पाहायला पाहिजे, तिला वाटलं, आता तर पाहायलाच पाहिजे, एकदा न पाहून काय झालं ते माहीत आहे ना?

तिनं तुरीचं सूप उचललं अन् भिंतीकडे तोंड केलं.

मागं काहीतरी जड, मातीचं, जपून टेकवल्याचा आवाज आला. मग दाणे. एक मूठ. दोन मुठी. मग पावलं परत गेली.

नवं मडकं कोणी आणून ठेवलं, हे आचलला आजही माहीत नाही.